शिडाच्या बोटीने दाल्मेशिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोएशियाच्या दक्षिण किनाऱ्याला दाल्मेशिया म्हणतात. तिथल्या स्प्लिट शहरातून शिडाची बोट भाड्याने घ्यायची, आठवडाभर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं, दुपारी बोट बांधायची आणि संध्याकाळी गावात भटकायचं, असा हा प्रवास. पुण्या-मुंबईहून जाणारे आणि जर्मनी, नेदरलँड्सकडे नोकरीनिमित्त राहणारे मराठी लोक त्याबद्दल जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

युरोपात एवढी बंदरं असताना दाल्मेशियाच का?

मुख्य कारण म्हणजे बेटं. क्रोएशियाच्या किनाऱ्याला लहानमोठी मिळून हजाराहून जास्त बेटं आणि खडक आहेत आणि त्यांतली बहुतेक किनाऱ्याला समांतर पसरली आहेत. त्यामुळे खुल्या समुद्राची मोठी लाट आतपर्यंत फारशी येत नाही आणि दोन बंदरांमधलं अंतर तीन-चार तासांचं राहतं. दुसरं कारण भरती-ओहोटीचं. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. इथे हा फरक जेमतेम फूटभर असतो. बोट धक्क्याला बांधून निवांत जेवायला जाता येतं, ओहोटीला ती चिखलात बसेल ही धास्ती नाही. इंग्लिश खाडीत किंवा फ्रान्सच्या ब्रिटनीत हेच करायचं तर भरतीचं वेळापत्रक खिशात घेऊन फिरावं लागतं.

ग्रीसही सुंदर आहे, पण एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा वारा दिवसचे दिवस झोडपतो. पहिल्या खेपेला ते नको.

आम्हाला बोट चालवता येत नाही. तरी जाता येईल?

येईल. बोटीबरोबर स्किपर घ्यायचा. दिवसाला साधारण दोनशे युरोच्या आसपास, शिवाय त्याचं जेवण तुमच्याकडे आणि झोपायला एक स्वतंत्र केबिन किंवा निदान पुढच्या टोकाची छोटी कोठडी. कप्तान म्हटल्यावर डोळ्यांपुढे पांढरी टोपी येते. प्रत्यक्षात बहुधा अनवाणी, उन्हाने रापलेला, तिशीतला मुलगा किंवा मुलगी येते आणि पहिल्या अर्ध्या तासात तुमच्या हातात दोर देते. आपल्याकडच्या तांडेलासारखा त्याचा शब्द अखेरचा. तो म्हणाला आज विस बेटावर जायचं नाही, तर जायचं नाही. पैसे भरलेत म्हणून वाद घालू नका.

स्वतः चालवायची असेल तर क्रोएशियाला मान्य असलेला परवाना लागतो आणि व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्रही. आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचं डे स्किपर प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणारं आयसीसी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र हा रुळलेला मार्ग. क्रोएशियाच्या बंदर कप्तानाच्या कार्यालयात परदेशी माणसालाही तिथली बोटचालकाची परीक्षा देता येते. पण ती पास झालात म्हणजे पंचेचाळीस फुटी बोट वाऱ्यात मागे घेता येते असं नाही. कागद एक, हात दुसरा. हात बसला नसेल तर पहिल्या आठवड्याला स्किपर घ्याच आणि त्याच्याकडून शिका.

व्हिसाचं काय?

क्रोएशिया २०१३ मध्ये युरोपीय संघात आला आणि १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, चलनही त्याच दिवसापासून युरो. म्हणजे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा. युरोपात नोकरीनिमित्त राहणाऱ्यांना त्यांच्या शेंगेन देशाच्या निवासपत्रावर जाता येतं. आधीची चाळीस-पन्नास पानी फाईल उघडून ‘क्रोएशियाचा व्हिसा वेगळा’ असं सांगणारे एजंट अजून भेटतात, ती माहिती जुनी झाली.

अर्जात ‘राहण्याची जागा’ या रकान्यापाशी लोक अडतात. हॉटेल नाही, बोट आहे, मग काय लिहायचं? चार्टरचा म्हणजे बोटभाड्याचा करारनामा आणि सगळ्यांची नावं असलेली क्रू लिस्ट जोडायची, शिवाय पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचं हॉटेल. एवढं पुरतं.

एक सावधगिरी. दुब्रोव्निकच्या खाली मॉन्टेनेग्रोतलं कोटोरचं आखात आहे, ते सगळ्यांनाच खुणावतं. पण मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. तिकडे बोट न्यायची तर क्रोएशियातून रीतसर बाहेर पडल्याची नोंद करावी लागते आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत आत येता येत नाही. रस्त्याने स्प्लिटहून दुब्रोव्निकला जातानाही पूर्वी बोस्नियाचा छोटा पट्टा ओलांडावा लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल सुरू झाला आणि ती कटकट मिटली.

कोणत्या महिन्यात जावं?

सप्टेंबर. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, गर्दी ओसरलेली असते, अंजिरं आणि द्राक्षं बाजारात आलेली असतात. जूनचा पहिला पंधरवडाही उत्तम. मेमध्ये डोंगर हिरवे आणि भाडं कमी, पण पाणी आपल्या हाडांना थंड. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांच्या सुट्ट्यांमुळे जावं लागलं तर जा. मात्र तेव्हा दुपारी दोनपर्यंत बंदरात पोहोचला नाहीत तर जागा मिळत नाही, आणि भाडंही जवळजवळ दीडपट ते दुप्पट होतं.

खर्च किती येतो?

चाळीस ते पंचेचाळीस फुटांची, चार केबिनची, सात-आठ वर्षं वापरलेली शिडाची बोट सप्टेंबरमध्ये आठवड्याला साधारण दोन ते साडेतीन हजार युरोला मिळते. आठ जणांत वाटलं की हा आकडा एकदम माणसात येतो. खरी मेख पुढच्या खर्चात असते: स्किपर, शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, छोट्या रबरी बोटीचं इंजिन, पर्यटन कर, डिझेल, मरिना म्हणजे बोटी ठेवायच्या बंदराचं रात्रीचं भाडं. मोठ्या मरिनात पंचेचाळीस फुटी बोटीला रात्रीचे शंभर युरो सहज जातात, हंगामात त्याहून जास्त. बोयाला, म्हणजे तळाशी अडकवलेल्या तरंगत्या फुग्याला बांधलं तर त्याच्या निम्म्यात भागतं आणि नांगर टाकला तर बहुतेक ठिकाणी काहीच नाही, राष्ट्रीय उद्यानांचं शुल्क सोडून. खाडीतल्या काही खानावळी स्वतःचे बोये किंवा छोटा धक्का राखून असतात. रात्री तिथे जेवलात तर बांधायचे पैसे नाहीत.

अनामत रक्कम दोन-तीन हजार युरोची असते आणि ती तुमच्या कार्डावर अडकवून ठेवतात. भारतीय क्रेडिट कार्डाची परदेशी मर्यादा आधी वाढवून घ्या, नाहीतर शनिवारी दुपारी चार्टरच्या टपरीबाहेर बँकेला फोन लावत उभं राहावं लागतं. अनामतीचा विमा मिळतो, तो घ्यावा. पण कशाला लागू नाही ते आधी वाचा. रबरी बोट, तिचं इंजिन आणि फाटलेलं शीड बऱ्याचदा त्यात नसतं.

वारा कसा असतो? वादळ आलं तर?

या प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि लोक तो शेवटी विचारतात.

इथे तीन वारे ओळखले की निम्मं काम झालं. पहिला माएस्ट्राल, वायव्येकडून येणारा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, त्यातलाच हा खारा वारा. जमीन तापली की सकाळी दहा-अकराला सुरू होतो, दुपारी दोन-तीनला भरात येतो, सूर्य मावळला की पडतो. आकाश स्वच्छ, लाट छोटी, बोट एका बाजूला किंचित कललेली. शिडाच्या प्रवासाचं जे चित्र डोक्यात असतं ते माएस्ट्रालचं.

दुसरा जुगो, आग्नेयेकडून. उबट, दमट, ढगाळ. एकदम येत नाही, दोन-तीन दिवस वाढत जातो आणि लांबचं पाणी ढकलत आणतो, म्हणून लाटा मोठ्या. डोकं जड होतं, माणसं चिडचिडी होतात. जुन्या दुब्रोव्निक प्रजासत्ताकात जुगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असं तिथे सांगतात. खरंखोटं इतिहासकार जाणोत, पण जुगोच्या तिसऱ्या दिवशी आठ माणसांच्या बोटीवर रात्रीच्या जेवणाचा निर्णयसुद्धा होत नाही.

तिसरा बुरा, आणि घाबरायचं ते याला. ईशान्येकडून, किनाऱ्यालगतच्या उंच डोंगरांवरून थंड जड हवा खाली कोसळते. आकाश निळंशार असतं, त्यामुळे नवखा माणूस फसतो. झोत एकदम येतात, दोन झोतांमध्ये शांतता असते. डोंगरमाथ्यावर पांढऱ्या ढगाची टोपी बसलेली दिसली की स्थानिक लोक जास्तीचे दोर बांधायला घेतात. हिवाळ्यात बुरा भयंकर असतो. उन्हाळ्यात येतो तो थोडक्या वेळासाठी, पण ओमिश आणि माकार्स्का या गावांच्या डोंगराखाली तेव्हाही सांभाळून.

क्रोएशियाच्या हवामान संस्थेचा सागरी अंदाज इंग्रजीतही मिळतो आणि व्हीएचएफवर दिवसातून ठरावीक वेळी वाचून दाखवतात. मोबाइलवरची रंगीत वाऱ्यांची अॅप बघा, पण अखेरचा शब्द त्या अंदाजाचा. समुद्रातल्या बचावासाठी फोन क्रमांक १९५, आणि रेडिओवर चॅनल १६.

आठवड्याचा मार्ग कसा आखावा? स्प्लिट ते दुब्रोव्निक होईल ना?

होईल, पण करू नका. निदान एका आठवड्यात जाऊन-येऊन तरी नाही. बोटीचा वेग ताशी पाच-सहा सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. सायकलसुद्धा पुढे जाईल. नकाशावर बोट ठेवून बारा ठिकाणं मोजणारी मंडळी रोज आठ तास इंजिन चालवतात, संध्याकाळी सहाला दमून बंदरात शिरतात आणि गाव न बघता झोपतात. दिवसाला पंधरा-वीस मैल, म्हणजे तीन-चार तास, एवढंच ठेवा. एक दिवस मोकळा सोडा, वाऱ्याने बसवून ठेवलं तर तो कामी येतो.

बोट शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास ताब्यात मिळते आणि शुक्रवारी संध्याकाळी परत आणायची असते. म्हणजे हातात सहा पूर्ण दिवस. स्प्लिटहून बरा मार्ग असा: पहिल्या रात्री स्प्लिटलाच राहा किंवा उजेड असेल तर ब्राच बेटावरचं मिल्ना गाठा. मग विस, तिथून त्याच बेटावरचं कोमिझा गाव, मग ह्वार बेटासमोरची पाक्लेनी बेटं, मग वळसा घालून ह्वारच्याच उत्तरेचं स्तारी ग्राद आणि परत. कोर्चुला आणि म्ल्येत ही बेटं आणि दुब्रोव्निक बघायचेच असतील तर दुसऱ्या वर्षी दुब्रोव्निकहून बोट घ्या. एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला सोडायची सोयही असते, त्याचे जास्तीचे पैसे पडतात.

बोट बंदरात बांधताना आम्हाला काय करावं लागतं?

इथे बोट आडवी लावत नाहीत, पाठ धक्क्याकडे करून मागे मागे आत घेतात. दोन्ही बाजूंना दुसऱ्या बोटी, मध्ये तुमच्यापुरती फट. मागून दोन दोर धक्क्यावरच्या माणसाकडे फेकायचे. पुढचं टोक धरून ठेवायला धक्क्यापासून समुद्राच्या तळाशी एक जाड दोर टाकलेला असतो, त्याला तिथे मुरिंग म्हणतात. धक्क्यावरचा माणूस त्याचं बारीक टोक उचलून दाखवतो. ते आकड्याने पकडायचं आणि बोटीच्या काठाकाठाने पुढे चालत न्यायचं. वर्षभर पाण्यात पडलेला तो दोर शेवाळाने बुळबुळीत असतो आणि त्याला चिकटलेले शिंपले ब्लेडसारखे कापतात. हातमोजे घाला. मिल्नाला एका संध्याकाळी शेजारच्या बोटीवरच्या काकूंनी नव्या कोऱ्या पांढऱ्या कुर्त्यात हा दोर छातीशी धरून नेला. कुर्ता गेला, पण दोर त्यांनी सोडला नाही. धक्क्यावर टाळ्या पडल्या.

फेंडर म्हणजे रबरी फुगे आधीच बांधून ठेवायचे. दोन बोटींच्या मध्ये पाय घालून बोट ढकलायला जाऊ नका. दहा टनांपुढे पाय काही नाही.

बोट लागते हो मला. काय करू?

निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी. एकदा मळमळायला लागल्यावर गोळीचा फार उपयोग नाही. प्रवास चालू असताना खाली केबिनमध्ये जाऊ नका, मोबाइल बघू नका, क्षितिजाकडे बघत बसा, जमलं तर सुकाणू हातात घ्या. आल्याचा तुकडा, सुकी बिस्किटं. दुसऱ्या दिवशी बहुतेकांचं शरीर जुळवून घेतं. आणि उलटी करायचीच झाली तर वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला.

आई-बाबांना आणि लहान मुलांना नेता येईल?

मुलांना बेलाशक. त्यांच्या मापाची लाइफ जॅकेट चार्टरवाल्याला आधी कळवून मागवून घ्या आणि डेकवर असताना ती अंगात असलीच पाहिजेत. समुद्री साळिंदर म्हणजे काळ्या काट्यांचे गोळे खडकांवर असतात, त्यामुळे पाण्यात उतरायचे रबरी बूट सगळ्यांना हवेत.

आई-बाबांचा प्रश्न गुडघ्यांचा. धक्क्यावर जायला बोटीच्या पाठीवरून फूटभर रुंदीची फळी टाकलेली असते, ती हलते, आणि एकशिडी बोटीत खाली उतरायची शिडी उभी असते. गुडघे कुरकुरत असतील तर कॅटामरान घ्या. दोन पोटांची ही बोट कलत नाही, बसायची जागा आणि स्वयंपाकघर एकाच पातळीवर असतं. भाडं जास्त, मरिनाही जास्त घेते, आणि खऱ्या शिडाच्या लोकांना ती आवडत नाही. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही. स्प्लिटच्या राजवाड्याच्या पूर्वेच्या भिंतीलगत पाझार नावाची भाजीमंडई भरते. टोमॅटो, वांगी, अंजिरं, चीज, ऑलिव्ह तेल सगळं शनिवारी सकाळी तिथेच घ्या. सोपार्निक शोधा. पातळ दोन पोळ्यांच्या मध्ये ब्लित्वा नावाची पालेभाजी आणि कांदा भरून चुलीच्या निखाऱ्यावर भाजतात आणि वरून लसूण-ऑलिव्ह तेल फासतात. आपल्या पालकाच्या भरल्या पराठ्याची ही लांबची बहीण, पण घडी मोठी, परातीएवढी. हीच ब्लित्वा बटाट्याबरोबर लसणात परतलेली प्रत्येक खानावळीत मिळते. ती माशाबरोबर द्यायची गोष्ट म्हणून यादीत शेवटी असते. दोन बश्या मागवा, मालकीणबाई चकित होतात पण आणतात. रिसोटो मागवताना मात्र विचारा, बऱ्याचदा तो माशाच्या रश्शात शिजवलेला असतो.

मांसाहारी लोकांनी पेका खावा. मटण किंवा ऑक्टोपस बटाट्यांसह लोखंडी झाकणाखाली, झाकणावर निखारे ठेवून शिजवतात. काही तास लागतात, म्हणून दुपारीच फोन करून सांगावं लागतं. विसवर अँचोवी मासे भरलेली पोगाचा नावाची भाकरी मिळते. कोमिझाची पोगाचा टोमॅटोसकट असते, विस गावाची त्याशिवाय, आणि खरी कोणती यावर दोन्ही गावांचं आजवर जमलेलं नाही.

बोटीवर वरणभात होतो का?

होतो. दोन किंवा तीन बर्नरची गॅसची शेगडी असते, ती बोटीबरोबर हलत राहते म्हणून भांडं सांडत नाही. तीन लिटरचा कुकर घरून न्या, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. मिक्सर, इंडक्शन, केस वाळवायचं यंत्र विसरा. मरिनात वायर जोडल्याशिवाय २३० व्होल्टची वीज नसते.

मसाले, डाळी, पोहे, भाजणी, बाकरवडी आणा. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, चितळ्यांची बर्फी घरीच. ओला कढीपत्ता आणि मिरच्याही नकोत.

संडास-बाथरूमचं काय?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारतात मात्र फोनवर, हळू आवाजात. केबिनजवळ छोटा संडास असतो, बहुधा हातपंपाचा आणि समुद्राच्या पाण्याचा. नियम एकच: पोटातून आलेलं सोडून त्यात काहीही टाकायचं नाही, टिश्यूसुद्धा नाही. तुंबला तर दुरुस्तीचे पैसे अनामतीतून जातात. आपल्या लोकांसाठी आनंदाची गोष्ट म्हणजे बेसिनचा नळ बाहेर ओढला की त्याचा हातशॉवर होतो, आणि तो बरोबर पोहोचतो.

पाण्याची टाकी चारशे-पाचशे लिटरची. आठ माणसांनी घरच्यासारख्या आंघोळी केल्या तर दीड दिवसात संपते. बेटांवर पाणी तसंही जपून वापरतात. समुद्रात पोहायचं, मागच्या शॉवरखाली अर्धा मिनिट मीठ धुवायचं, झालं.

किनाऱ्यावर उतरल्यावर काय बघायचं?

स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनचा राजवाडा. इ.स. ३०५ मध्ये त्याने स्वतःहून सत्ता सोडली आणि इथे येऊन राहिला. पुढे सातव्या शतकात जवळच्या सालोना शहरातले लोक हल्ल्यांमुळे पळून या भिंतींच्या आत शिरले आणि राहिले ते राहिलेच. आजही रोमन खांबाला टेकून कुणाचे कपडे वाळत असतात. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या या सम्राटाच्या समाधीचं पुढे कॅथेड्रल झालं, आणि ते ज्या संत डोम्नियसचं, तो त्याच्याच राजवटीत मारला गेलेला. बाहेर अंगणात इजिप्तहून आणलेला काळ्या दगडाचा स्फिंक्स बसला आहे.

ह्वार शहर रात्री गोंगाटाचं आहे. तिथे बोट बांधायचा हट्ट नको. समोरच्या पाल्मिझानाला बोट ठेवून पाण्याच्या टॅक्सीने जा, किल्ल्यावरून सूर्यास्त बघा, १६१२ चं छोटं नाट्यगृह बघा आणि परत या. त्याच बेटाच्या उत्तरेला स्तारी ग्राद शांत आहे, आणि त्याच्या पाठीमागचा मळा मला साऱ्या दाल्मेशियात सर्वांत जास्त आवडतो. इ.स.पू. ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी ही जमीन आखून आयताकृती वाट्यांत विभागली. त्या वाट्यांच्या हद्दी दगडी बांधांच्या रूपात अजून जागेवर आहेत आणि आत आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. २००८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, पण तिकीट खिडकी नाही की फाटक नाही. गावातून भाड्याची सायकल घ्या आणि संध्याकाळी साडेपाचनंतर जा. बांध गुडघ्याएवढे ते छातीएवढे, चुना नाही की सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. मध्येच दगडांचा एखादा मोठा ढीग दिसतो, तो पिढ्यान्‌पिढ्या शेतातून वेचून काढलेल्या गोट्यांचा. बांधाच्या फटीतून रानटी बडीशेप उगवलेली असते, चालताना तिचा वास पायाला लागतो.

विसबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण ते उशिरा उघडलं. युगोस्लाव्हियाच्या काळात विस लष्करी तळ होतं आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे जायला बंदी होती. त्यामुळे मोठी हॉटेलं झालीच नाहीत. डोंगरात खणलेला पाणबुड्या लपवायचा बोगदा अजून आहे, त्यात रबरी बोटीने शिरता येतं. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये युगोस्लाव्हियाचा पुढचा नेता तितो याचं मुख्यालय काही काळ इथल्या हुम डोंगरावरच्या गुहेत होतं.

आपल्याकडच्या माणसाने चुकवू नये अशी गोष्ट म्हणजे विसचं क्रिकेट. नेपोलियनच्या युद्धांत १८११ मध्ये विल्यम होस्ट या ब्रिटिश कप्तानाने इथल्या समुद्रात फ्रेंच ताफ्याला हरवलं. ब्रिटिश नौदल मग काही वर्षं इथे राहिलं आणि अर्थातच खेळलं. आज बेटाच्या मध्यावर, द्राक्षमळ्यांच्या शेजारी क्रिकेटचं मैदान आहे आणि क्लबला होस्टचंच नाव आहे. आमच्याबरोबरच्या दोघांचा निळ्या गुहेचा बेत हे ऐकताच रद्द झाला.

ती निळी गुहा तरी बघण्यासारखी आहे का?

आहे, पण घाईची. बिशेवो बेटावरच्या या गुहेत पाण्याखालच्या भोकातून ऊन आत येतं आणि पाणी खालून उजळतं. साधारण अकरा ते बारा ही वेळ. आपली बोट आत जात नाही, तिकीट काढून त्यांच्या छोट्या होडीतून जायचं, डोकं खाली घालायचं आणि थोड्याच वेळात बाहेर. लाट असेल तर बंद. ऑगस्टमध्ये रांग मोठी असते, तेव्हा सोडून द्या.

दुब्रोव्निकच्या बाजूने गेलो तर?

कोर्चुला गावाच्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या आखल्या आहेत: एका बाजूच्या सरळ, म्हणजे माएस्ट्राल आत यावा, दुसऱ्या बाजूच्या किंचित वाकलेल्या, म्हणजे बुरा घुसू नये. मार्को पोलोचं जन्मघर म्हणून एक घर दाखवतात. व्हेनिसचे लोक हे अजिबात मान्य करत नाहीत. उन्हाळ्यात संध्याकाळी मोरेश्का हा तलवारींचा नाच होतो, तो मात्र खरोखर बघावा, तलवारी आपटतात तेव्हा ठिणग्या उडतात.

म्ल्येत बेटाचा पश्चिम भाग १९६० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या जंगलात मुंगूस दिसलं तर दचकू नका, ते आपलंच. बेटावर विषारी साप फार झाले म्हणून १९१० च्या सुमारास भारतीय मुंगसं आणून सोडली. सापांचा बंदोबस्त झाला, मग त्यांनी पक्षी आणि कोंबड्यांकडे मोर्चा वळवला.

दुब्रोव्निकच्या जुन्या बंदरात आपल्यासारख्या बोटींना रात्री बांधता येत नाही. नदीच्या मुखात आत असलेल्या कोमोलाचच्या मरिनात बोट ठेवून बसने या. तटबंदी जवळजवळ दोन किलोमीटर आहे. सकाळी दार उघडताच चढा, दहानंतर क्रूझ जहाजांची माणसं येतात आणि उन्हात दगड तापतो. छपरांकडे बघितलं तर काही कौलं फिकी आणि बरीच लालभडक दिसतात. युगोस्लाव्हिया फुटताना १९९१-९२ मध्ये शहराला पडलेल्या वेढ्यात जी फुटली त्यांच्या जागी ही नवी बसवली. शहराचा रक्षक संत व्लाहो म्हणजे पोर्तुगिजांचा साओ ब्राझ. गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळी गावी त्याच्या नावाचं चर्च आहे, आणि सोळाव्या शतकात दुब्रोव्निकचे व्यापारी तिथे वसले होते असं मानलं जातं. याला किती पुरावा आहे यावर अभ्यासकांत वाद आहेत.

परतीच्या दिवशी काय लक्षात ठेवायचं?

डिझेलची टाकी भरून द्यायची असते आणि शुक्रवारी दुपारी स्प्लिटमधल्या सगळ्या बोटी एकाच वेळी पंपावर येतात. रांगेत दीड-दोन तास वाऱ्यात गोल गोल फिरत राहावं लागतं. वाटेत ज्या बेटावर पंप आहे तिथे सकाळीच भरून टाका किंवा बाराच्या आत स्प्लिट गाठा. चार्टरचा पाणबुड्या बोटीचा तळ तपासतो, तेव्हा स्वतः हजर राहा, आणि बोट घेतानाचे मोबाइलवरचे फोटो हाताशी ठेवा. शनिवारी सकाळी नऊपर्यंत सामान उतरवायचं असतं. स्प्लिटहून भारताला थेट विमान नाही, म्युनिकसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. तेव्हा दुपारनंतरचं विमान घ्या, आणि सकाळ पाझारमध्ये सुकी अंजिरं घेण्यात घालवा.